सुईचे भय आणि उशिराची किंमत

'त्यांना आता इन्सुलिन लागलंय.' लग्नाच्या मांडवात, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या जिन्यात हे वाक्य आवाज थोडा खाली आणूनच बोलले जाते. मराठीत ग्रहण लागते, दृष्ट लागते, साडेसाती लागते. त्याच पंगतीत आपण इन्सुलिनलाही नेऊन बसवले आहे. ज्यांच्याविषयी हे बोलले जाते ते गृहस्थ किंवा त्या बाई दहा-बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेत असतात. गोळ्या एकाच्या चार झाल्या तरी कोणी हळहळत नाही. सुई आली की मात्र घरावर सावट येते. रोग तोच, माणूस तोच. औषध पोटातून जाण्याऐवजी कातडीखालून जाऊ लागले एवढाच फरक. तरीही 'आता शेवटची पायरी' असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात.

हा नुसता बोलण्याचालण्याचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण या समजुतीपायी घरोघरी एक निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. 'एवढे गणपती होऊ देत', 'मुलीचं लग्न पार पडू दे', 'तीन महिने पथ्य कडक करून बघू', 'अमक्या गावचं औषध एकदा घेऊन पाहू'. कारणे बदलतात, रक्तातली साखर बदलत नाही. शेवटी इन्सुलिन सुरू होते तेव्हा डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. इन्सुलिनला शेवटची पायरी म्हणता म्हणता आपणच ते शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवले आहे.

हा विषय आता मूठभर घरांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एक. याच पाहणीवर आधारलेला २०२२ मधला दुसरा लेख त्याहून बोलका आहे. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी केवळ ३६.३ टक्के लोकांची साखर आटोक्यात होती. तिघांपैकी दोघांची नाही! या सगळ्यांना इन्सुलिनच हवे असे अर्थातच नाही. काहींना गोळ्या नियमित घेतल्या तरी पुरेल, काहींना चालणे आणि ताटातला भात कमी करणे पुरेल. पण ज्यांच्या गोळ्यांची ताकद संपली आहे आणि तरीही ज्यांची गाडी गोळ्यांवरच ढकलली जात आहे, असा एक मोठा वर्ग त्यात आहे. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

थकलेला बैल

वर्षानुवर्षे गोळ्या घेऊनही साखर वाढत का जाते? 'पथ्य पाळत नाही म्हणून' हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. ते अर्धेच खरे आहे.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात एकीकडे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि दुसरीकडे या पेशी हळूहळू थकत जातात. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेला 'यूकेपीडीएस' हा प्रचंड अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यातून असे दिसले, की मधुमेहाचे निदान होते त्या दिवशीच स्वादुपिंडाची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते आणि उरलेली दर वर्षी घटत जाते. एका जातीच्या गोळ्यांवर ठेवलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सहा वर्षांत इन्सुलिनची जोड द्यावी लागली. आणि हे रुग्ण तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे होते.

आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या या पेशींना अधिक इन्सुलिन सोडायला लावतात. थकलेल्या बैलाला पराणी टोचल्यासारखाच हा प्रकार आहे. बैलात जोर आहे तोवर तो चालतो. तो खाली बसल्यावर पराणी कितीही टोचली तरी नांगर पुढे सरकत नाही. अशा वेळी बाहेरून इन्सुलिन देणे म्हणजे शरीरात जे कमी पडले तेच भरून देणे. त्यात रुग्णाचा पराभव कसला? चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आपण कोणाला दोष देतो का?

आपल्या लोकांच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि जगभर गाजले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबीदार अशी ही आपली ठेवण. पुण्यातच तरुण वयात मधुमेह झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये छापून आला. युरोपात अशा रुग्णांमध्ये लठ्ठपणाशी जोडलेला मधुमेह पुढे असतो. पुण्यात सर्वांत मोठा गट इन्सुलिनचीच तीव्र कमतरता असलेल्यांचा निघाला. म्हणजे आपल्या अनेक लोकांकडे इन्सुलिनची शिल्लकच मुळात कमी आहे. 'मी तर बारीक आहे, मला कशाला इन्सुलिन?' हा प्रश्न त्यामुळे उलटा ठरतो.

कावळा आणि फांदी

'अमक्यांना इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षभरात किडन्या गेल्या.' प्रत्येक नात्यागोत्यात अशी एक तरी कथा असते, आणि सांगणारा खोटे बोलत नसतो. घटना खरी, त्यांचा क्रमही खरा. कारण मात्र चुकीचे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, पण फांदी आधीपासूनच किडलेली असते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की मधुमेहाच्या अनेक गोळ्या देता येत नाहीत किंवा त्यांची मात्रा फार कमी करावी लागते. तेव्हा डॉक्टर इन्सुलिनकडे वळतात. म्हणजे मूत्रपिंडे बिघडली म्हणून इन्सुलिन आले. लोकांच्या लेखी मात्र इन्सुलिन आले म्हणून मूत्रपिंडे बिघडली. पायाला गँगरीन झाले, हृदयविकाराचा झटका आला, मोठी शस्त्रक्रिया करायची आहे, अशा प्रत्येक अडचणीच्या प्रसंगी इन्सुलिन दिले जाते. आग लागलेल्या ठिकाणी दर वेळी बंब दिसतो म्हणून आग बंबानेच लावली, असे म्हणण्यासारखे हे आहे.

हृदयविकार आणि कर्करोग यांची भीतीही तपासून पाहिलेली आहे. बारा हजारांहून अधिक लोकांना सहा वर्षांहून जास्त काळ अभ्यासणाऱ्या 'ओरिजिन' या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. लवकर इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये या दोहोंचेही प्रमाण वाढले नाही. डोळ्यांविषयीच्या भीतीत मात्र थोडे तथ्य आहे. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर दृष्टिपटलाचा आधीपासून असलेला विकार काही काळ बळावू शकतो. म्हणून इन्सुलिन सुरू करण्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा आणि साखर बेताबेताने खाली आणावी. लांबणीवर टाकण्याचे हे कारण नव्हे. उलट जितका उशीर, तितका हा धोका मोठा.

'एकदा सुरू झालं की सुटत नाही' हाही समज सरसकट खरा नाही. शस्त्रक्रियेपुरते, गरोदरपणापुरते, जंतुसंसर्गापुरते दिलेले इन्सुलिन अनेकदा थांबवता येते. ज्यांचे स्वादुपिंड खरोखरच थकले आहे त्यांना ते कायम लागते. पण मग गोळ्या तरी कुठे सुटल्या होत्या?

डॉक्टरांच्या हातातली छडी

दोष एकट्या रुग्णाचा नाही. 'गोड बंद केलं नाहीत तर पुढच्या वेळी इन्सुलिन सुरू करीन हं!' हे वाक्य किती दवाखान्यांत ऐकू येते! मास्तरांनी छडी दाखवावी तसे औषध दाखवले, की ते औषध न राहता शिक्षा होते. मग ज्या दिवशी त्याची खरोखर गरज पडते त्या दिवशी रुग्णाला आपण नापास झालो असे वाटते, आणि तो डॉक्टर बदलतो.

शिवाय गर्दीच्या दवाखान्यात चौथी गोळी लिहायला अर्धे मिनिट लागते. इन्सुलिन शिकवायला अर्धा तास लागतो: सुई कुठे टोचायची, किती युनिट, साखर एकदम उतरली तर काय करायचे. हा अर्धा तास कोण देणार? ही अडचण केवळ आपलीच नाही. ब्रिटनमधील ८० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर हाताबाहेर गेल्यावरही इन्सुलिन सुरू व्हायला तिथे सहा-सात वर्षे जात असल्याचे दिसले, तेही औषधपाणी सरकारी खर्चाने मिळणाऱ्या देशात. आणि या वर्षांचा हिशेब शरीर विसरत नाही. 'यूकेपीडीएस'मधल्या रुग्णांची पुढे दहा वर्षे पाहणी झाली. सुरुवातीच्या काळात ज्यांची साखर नीट सांभाळली गेली, त्यांना डोळ्यांचे, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे विकार पुढेही कमी झाले, जरी नंतर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली होती. आधी भरलेले हप्ते वाया जात नाहीत; चुकवलेल्या हप्त्यांवर मात्र व्याज चढत राहते.

नव्या औषधांचा बाजार

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले आणि या गोळ्या एकदम स्वस्त झाल्या. हे चांगलेच झाले; यातल्या दुसऱ्या गोळीचा हृदयाला आणि मूत्रपिंडालाही लाभ होतो. मार्च २०२५ मध्येच 'मौंजारो' या नावाने टिर्झेपेटाइड भारतात आले. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचे, वजन आणि साखर दोन्ही उतरवणारे हे औषध. बाजारात आले तेव्हा सर्वांत कमी मात्रेचाही महिन्याचा खर्च चौदा हजार रुपयांच्या घरात होता. तरीही त्याला गिऱ्हाईक मिळाले. आठवड्याची ही सुई लोक आपण होऊन मागू लागले! म्हणजे भीती सुईची नव्हतीच, 'इन्सुलिन' या नावाची होती.

ज्यांना परवडते आणि ज्यांचे वजन जास्त आहे त्यांना इन्सुलिनच्या आधी अशी औषधे देऊन पाहावीत, असा आज तज्ज्ञांचाही सल्ला आहे. परंतु ज्याचे वजन आपोआप घटते आहे, तहान आणि लघवी वाढली आहे, साखर तीनशेच्या वर आहे, त्याच्या शरीरात इन्सुलिनच उरलेले नाही. त्याला दुसऱ्या औषधाच्या आशेवर ठेवणे योग्य नव्हे. 'मधुमेह मुळापासून घालवा' अशा जाहिरातींचेही तसेच. आहार कमी करून मधुमेह माघारी जाऊ शकतो हे ब्रिटनमधील 'डायरेक्ट' प्रयोगाने २०१७ मध्ये दाखवले. वर्षभरात जवळजवळ निम्म्या लोकांना ते जमले. पण त्या प्रयोगात निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे रुग्ण होते. पंधरा वर्षांच्या जुन्या मधुमेहाला तो न्याय लावता येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने तर कोणाच्या सांगण्यावरून ते अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते.

खरी काळजी कशाची?

इन्सुलिनला धोके नाहीत असे नाही; पण ते आपण ज्यांना भितो ते नव्हेत. पहिला धोका साखर एकदम उतरण्याचा. सत्तरच्या खाली साखर गेली की घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात असंबद्धपणा सुरू होतो. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि मग काहीतरी खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ रुग्णालय गाठावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत म्हणूनच साखर फार काटेकोर खाली आणण्याचा हट्ट धरत नाहीत. दुसरी गोष्ट, वजन थोडे वाढते. तिसरी, रोज एकाच जागी टोचले तर तिथे गाठ येते आणि औषध नीट भिनत नाही. जागा बदलत राहावी.

चौथा धोका खास आपल्याकडचा. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट ताकदीचे असते आणि पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी. शंभरचे औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले तर वीसऐवजी ५० युनिट अंगात जातात. उलटे केले तर फक्त आठ. औषधाच्या दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो की नाही, हे घरातल्या शिकल्यासवरल्या पोराने रोज पाहावे इतके ते महत्त्वाचे आहे.

बाकी टोचण्याचे म्हणाल, तर काचेची सिरिंज पातेल्यात उकळण्याचे दिवस केव्हाच गेले. पेनची सुई आज चार मिलिमीटर लांब आणि केसासारखी बारीक असते. साखर तपासताना बोटाला जे टोचते ते यापेक्षा जास्त दुखते. गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवरून शाकाहारी घरांत वाद होत असत. तोही प्रश्न उरला नाही. १९८२ पासून प्रयोगशाळेत सूक्ष्म जीवांकरवी मानवी इन्सुलिन बनू लागले. न उघडलेली कुपी फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नव्हे. वापरातली कुपी तीस अंशांखालच्या खोलीत साधारण चार आठवडे टिकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर कोरड्या डब्यात घालून ती माठात किंवा ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवावी.

पाय वाचवायला पैसे कोण देणार?

१९२३ मध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. शंभर वर्षांनंतर हे औषध फुकट नसले, तरी आपल्याकडे फार महागही नाही. साध्या मानवी इन्सुलिनचे भाव सरकारी नियंत्रणाखाली असल्याने ४०० युनिटची कुपी साधारण दोनशे रुपयांच्या आत मिळते. रात्री दहा युनिट घेणाऱ्याला ती महिनाभर पुरते. अनेक घरांत चार प्रकारच्या गोळ्यांवर यापेक्षा जास्त पैसे जातात. दीर्घकाळ काम करणाऱ्या ग्लार्जिन इन्सुलिनचा समावेशही सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला. खर्च वाढतो तो सुया आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या यांनी. शिवाय पुरवठा कंपन्यांच्या मर्जीवर असतो. नोव्हो नॉर्डिस्कने २०२५ मध्ये मानवी इन्सुलिनची पेनची काडतुसे भारतातून मागे घेण्याचे ठरवले, तेव्हा पेनची सवय झालेल्या अनेकांपुढे पुन्हा कुपी-सिरिंजकडे वळा किंवा महाग पर्याय घ्या, असा पेच उभा राहिला.

सरकारी धोरणातली विसंगती याहून ठळक आहे. आयुष्मान भारत काय किंवा आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना काय, दोन्ही मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहेत. डायलिसिसला मदत मिळते, सडलेला पाय कापायलाही मिळते. पण ती वेळ येऊ नये म्हणून रोज लागणारे इन्सुलिन, सुया आणि पट्ट्या मात्र घरच्या खिशातून! गावोगावच्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांची साखर तपासण्याची मोहीम चालते, ती स्वागतार्हच आहे. तपासल्यावर पुढे काय, याचे उत्तर गोळ्यांच्या पाकिटावर थांबता कामा नये. इन्सुलिन शिकवणारी एक प्रशिक्षित परिचारिका आणि वर्षभर न तुटणारा पुरवठा एवढे जरी तालुक्याच्या ठिकाणी मिळाले, तरी पुढचे कितीतरी पाय वाचतील.

निर्णय घराचा असतो

आपल्याकडे इन्सुलिनचा निर्णय एकटा रुग्ण घेत नाही. तो बायको, मुलगा, सून, शेजारचे काका आणि गावाकडची आत्या मिळून घेतात. त्यातही नवऱ्याची सुई बायको वेळेवर टोचते. तिची स्वतःची साखर चढलेली असली तर 'मला काय धाड भरलीय' म्हणून ती पुढे ढकलते. इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण वेळेवर व्हायला हवे, आणि घरातली बाई सगळ्यांचे उरकल्यावर जेवते. तिला इन्सुलिन सुरू करायचे तर आधी घराच्या जेवणाची वेळ बदलावी लागेल. उपासांचेही पाहिले पाहिजे. निर्जळी उपासाला साखर धोकादायक उतरते. आणि साबुदाण्याच्या खिचडीवरच्या 'एकादशी दुप्पट खाशी' उपासाला ती भलतीच चढते. श्रावण सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी.

ज्या घरात दोन-तीन गोळ्या पूर्ण मात्रेत चालू आहेत आणि तरीही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ठरलेल्या मर्यादेच्या वरच राहते आहे, त्या घराने पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ तीन प्रश्न विचारावेत. आमच्यासाठी योग्य आकडा किती? तो गाठायला आणखी किती महिने थांबायचे? आणि तोवर नाही जमले तर इन्सुलिन कोणते, कोण शिकवणार? बहुतेकांची सुरुवात रात्रीच्या दहाएक युनिटने होते आणि मात्रा हळूहळू ठरवली जाते. तिसऱ्या प्रश्नाला अर्धा तास लागेल. तो मागून घ्यावा. आणि ज्यांच्या घरी हे आधीच सुरू झाले आहे, त्यांच्याकडे जाताना आवाज खाली आणण्याचे काही कारण नाही. त्यांनी योग्य वेळी योग्य औषध घेतले आहे, एवढेच.